गव्हाणीतलं सोनेरी गवत

“आजोबा, आजही हिनं तोंड फिरवलं!” एर्सिलिया ओरडली.

बाहेर धुकं असं दाटलं होतं, की इटलीतल्या ग्रेच्चो गावाचा समोरचा कडासुद्धा पुसून गेला होता. गोठ्यात मोरेत्ता गाढवी मान टाकून पडली होती. ओठांवर फेस. दर नाताळात गावाच्या देखाव्यात बाळ येशूच्या गव्हाणीशी उभी राहणारी मोरेत्ता!

सेत्तिमिओ आजोबांनी खिशातून मूठभर गवत काढलं. “खा गं माझ्या काळे, खा गं माझ्या बाळे! गव्हाणीतलं आहे, म्हणून तर असं झळाळतंय. संत फ्रान्सिसांनी वरच्या गुहेत पहिली गव्हाण मांडली, तिच्या गवतानं आजारी गुरं उठली होती. तूही उठशील.”

देखाव्याच्या तालमीहून ती आजारी परतली, तेव्हापासून ते असं रोज भरवत होते. आणि मोरेत्ता रोज खंगत होती.

आजोबा गेल्यावर एर्सिलियानं सांडलेल्या काड्या गोळा केल्या.

“एर्से, तुझा हात बघ!” मामेभाऊ दुइलिओ म्हणाला. तळवा सोन्यासारखा चमकत होता.

“नाकालाही लागलंय! या राणीसाहेब!” त्याची धाकटी बहीण नुन्त्सिया खिदळली. मग तिनं हुंगलं. “शी! आमचं फाटक रंगवलं तेव्हा असाच वास येत होता.”

हसू विरलं. तिघंही चर्चच्या अंगणाकडे धावत सुटली.

गव्हाण दिव्यांखाली लखलखत होती. देखाव्यातला बैल मात्र दोरी ताणून शक्य तितका लांब उभा होता. गोणपाटाखाली सोनेरी रंगाचे रिकामे डबे!

“ओत्तोरिनोकाका, गवताला रंग मारलात?”

देखाव्याचे प्रमुख शिडीवरूनच म्हणाले, “मग! टीव्हीवाले यायचेत. फिकट गवत काय दाखवायचं?”

“पण नाताळची मिसा-प्रार्थना झाल्यावर लोक हेच घरी नेतात! आजारी गुरांना घालतात!”

“मूठभर गवतानं काय होतंय!”

“मग तुम्ही खाऊन दाखवा!” नुन्त्सिया म्हणाली.

“पळा इथून!”

तिघं पळाली, पण गोणी आणायला!

“काका, गव्हाणीवरचा तारा डावीकडे कलंडलाय!” थोड्या वेळानं शिडीखालून दुइलिओ ओरडला. “आता उजवीकडे! छे, आता उलटाच झाला!”

ओत्तोरिनो ताऱ्याशी झटापट करत राहिले. खाली धुक्याच्या पदराआड दोघी मुलींनी रंगवलेलं गवत गोणीत कोंबलं आणि गोठ्याच्या माळ्यावरून आणलेलं साधं गवत पसरलं.

रात्री मिसा संपली. लोक गवतासाठी पुढे सरकले.

“माझं सोनेरी गवत कुणी नेलं?” ओत्तोरिनो किंचाळले.

एर्सिलियानं गोणी फादरांपुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. तिच्यामागे बैल गव्हाणीत तोंड खुपसून मचमच खात होता.

फादरांनी गवत हुंगलं. ओत्तोरिनोंनी शरमून टोपी काढली.

“पोरांनो,” फादर म्हणाले, “आज तुम्ही अख्ख्या गावाचे गोठे राखलेत!”

टाळ्या वाजल्या. आजोबांनी वाजवल्या नाहीत. ते आपल्या नखांत अडकलेल्या सोन्याकडे पाहत होते.

“मीच भरवत होतो गं,” ते पुटपुटले.

गुरांचे डॉक्टर येऊन मोरेत्ताला औषध देऊन गेले. “आपण होऊन खाल्लं, तर आशा आहे,” एवढंच म्हणाले.

आजोबा गवताला हात लावायला तयार होईनात. शेवटी एर्सिलियानं त्यांच्या ओंजळीत साधं गवत ठेवलं आणि खालून आपली ओंजळ धरली.

“खा गं माझ्या काळे, खा गं माझ्या बाळे...”

मोरेत्तानं त्या हातांचा खूप वेळ वास घेतला. मग तिचे ओठ हलले.

ओंजळीतली एक काडी कमी झाली.