आच बंद झाल्यावर

बिअरमध्ये घालायच्या हॉप्सच्या वाळक्या फुलाची पाकळी उलटी केली की तळाशी पिवळी धूळ दिसते. चुरडली की ती चिकट होते आणि संत्र्याच्या सालीचा वास सुटतो. गार्गीने स्वयंपाकघरात एक फूल चुरडून हुंगलं, हात धुतले आणि पुडी घट्ट मिटून कौस्तुभच्या खोलीत नेली.

तिथे विजेच्या शेगडीवर माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचं, गोड पाणी खदखदत होतं. कडक एल बिअरला माल्ट भरपूर, म्हणून त्याला पुरून उरेल असा कडू हॉप तिने आधीच घातला होता. कडूपणा उतरायला लांब उकळी लागते. सुगंधी हॉपची तेलं मात्र वाफेबरोबर उडतात, म्हणून तो शेवटी घालायचा.

शेवटी म्हणजे कधी, यावर ती आणि कौस्तुभ लग्नापासून भांडत आले होते. ती म्हणे, उकळी मंदावण्याआधी. तो म्हणे, आच बंद झाल्यावरच. आणि जिंकायचा तोच.

अपघातानंतर तो श्वासयंत्रावर निपचित होता. मेंदूच्या वास ओळखणाऱ्या भागावर एक बारीक जाळी बसवली होती, गंधवाचक. नाकात खोलीतली हवा सोडणाऱ्या नळीतून ओळखीचा वास पोचला की उशाशी दिवा लागे. प्रत्येक खेपेला गार्गीने आच बंद करून पुडी उचलली, की तो लागे. त्या दिव्यापायीच ती डॉक्टरांना श्वासयंत्राबद्दल उत्तर द्यायचं टाळत होती.

आज उकळी चालू असताना तिचा हात सवयीने पुडीकडे गेला. दिवा लागला.

"टाक की वहिनी," तिचा दीर सारंग म्हणाला. "दादा हो म्हणतोय."

"पुडी मिटलेली आहे, सारंग. वास कुठून आला?"

"मग दादाने हार मानली असेल. एकदाची."

"कौस्तुभने? हॉप्सच्या बाबतीत?"

सारंग हसला. मेंदूचे संकेत क्षीण झाले की यंत्र खोलीतल्या कॅमेऱ्यावरून अंदाज बांधून दिवा लावतं, हे डॉक्टरांनी दोघांनाही सांगितलं होतं. ऐकायचं नव्हतं ते त्यांनी ऐकलं नव्हतं.

तिने शेगडी बंद केली. खोलीबाहेर, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी उभी राहिली.

"पातेल्याला पाठ कर आणि पाठीमागून टाक. पुडी दिसू देऊ नकोस."

सारंगने तसंच केलं. संत्र्याचा, ओल्या गवताचा वास खोलीभर पसरला, दारापर्यंत आला. कौस्तुभला आवडायचा तितका दाट. दोघं दिव्याकडे पाहत राहिले. वाफ विरली. दिवा लागला नाही.

"मग इतके दिवस आपण कुणाशी बोलत होतो?" सारंगने हळूच विचारलं.

गार्गी आत आली. पातेल्यावर झाकण ठेवलं, कौस्तुभचं कपाळ पुसलं. तिचा हात हलला तसा दिवा मिणमिणला. तिने तिकडे पाहिलं नाही.

"डॉक्टरांना फोन लाव," ती म्हणाली. "श्वासयंत्र काढू या म्हणावं."