शालूबाईंच्या निधनाचा अर्ज

"शालूबाई गेल्याचं कळलं. फार वाईट झालं," असं म्हणत दारातल्या तरुण बाईंनी हात जोडले, आणि सुपात तूर पाखडत बसलेल्या शालूबाईंचे हात जागच्या जागी थांबले.

"कोन गेलं म्हनता?"

"छकुलीच्या आजी. मी मंजुश्री, छकुलीची वर्गशिक्षिका. आज शनिवार, सकाळची शाळा होती. म्हटलं, घरी भेटून यावं. तिच्या बाबांचा अर्ज आला ना, मातोश्रींचं निधन झाल्यामुळे मुलगी सहा दिवस येणार नाही म्हणून."

मेहकरहून एसटीनं जानेफळला उतरून, बंद दुकानावरची गोकुळच्या नावाची पाटी वाचून, मॅडम तशाच मागच्या घरात शिरल्या होत्या. वाटेत एखाद्याला विचारलं असतं तर सगळाच उलगडा झाला असता... पण विचारलं नव्हतं. आणि इथं अडुसष्ट वर्षांच्या, चांगल्या धडधाकट शालूबाई स्वतःच्या मरणाची बातमी ऐकत बसल्या होत्या.

गोकुळ त्यांचा एकुलता एक मुलगा. त्याचं बी-बियाणं आणि खताचं दुकान. कंपनीनं ठरवून दिलेला माल यंदा त्यानं खपवला, म्हणून कंपनीनं त्याला केरळची सहल बक्षीस दिली. नवरा, बायको आणि एक मूल. तारखा कंपनीच्या, त्या पडल्या नेमक्या जानेवारीत, भर शाळेत. शाळेनं तर जूनमध्येच पालकांच्या सह्या घेऊन ठेवल्या होत्या की सत्र चालू असताना फिरायला जाण्यासाठी रजा मिळणार नाही. आजारपणाला डॉक्टरचा कागद लागत होता. मरणाला मात्र कुणी कागद मागत नव्हतं. "पोरीच्या शाळेचं कसं करतं रे?" असं शालूबाईंनी प्रवासाचा चिवडा परतता परतता विचारलं होतं, तेव्हा "पाहतो मी, तू टेन्शन नको घेऊ," म्हणून तो दुकानात निघून गेला होता. त्यानं काय पाहिलं, ते आता त्यांना कळत होतं.

'मीच ती शालूबाई' हे शब्द अगदी ओठांवर आले... पण ते बोलले की गोकुळ खोटारडा ठरणार, शाळेत पोरीकडे बोटं दाखवली जाणार! त्यांनी पदर डोक्यावर ओढून घेतला.

"मी तिची बहीन. वच्छला. मलकापूरची."

"आणि घरातले सगळे?"

"नाशिकले गेले. अस्थी घेऊन."

"अचानकच झालं का हो मावशी? त्रास नाही ना झाला त्यांना?"

"नाही. झोपीतच गेली. कोनालेच काई तरास देला नाही तिनं." हे म्हणताना त्यांना स्वतःचीच इतकी दया आली की डोळे आपोआप भरून आले, आणि निदान तेवढं तरी खरं दिसलं.

मंजुश्री मॅडम त्यांच्याजवळ सरकून बसल्या. "छकुलीनंच आणून दिला अर्ज. माझ्या हातात दिला आणि इतकी रडली, इतकी रडली, की शेवटी उलटी झाली तिला. सारखं एकच म्हणत होती, मॅडम, थो कागद मले वापस द्या. मला वाटलं, दुःखानं काहीतरी बोलतेय लेकरू."

शालूबाईंना पुढे बसवेना. दारी आलेल्या माणसाला चहा करायचा ही आयुष्यभराची सवय. त्या उठल्या, चहा टाकला, कप मॅडमच्या हातात दिला, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की सुतकाच्या घरात कुणी चहा विचारत नसतं आणि घेतही नसतं. मॅडम कपाकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी वर पाहिलं, नेमकं शालूबाईंच्या हनुवटीकडे.

"छकुली सांगायची, आजीच्या हनुवटीवर तीन ठिपके गोंदलेले आहेत म्हणून."

"आमा दोघी बहिनीचं सारखंच हाय," शालूबाई कशाबशा म्हणाल्या.

मॅडमनी सगळा चहा संपवला. अशा घरी भेटायला आलेलं माणूस निघताना 'येते' म्हणत नाही, मुकाट्यानं उठून जातं. मॅडम मात्र उंबरठ्यावर थांबल्या, मागं फिरल्या आणि वाकून त्यांनी शालूबाईंच्या पायांना हात लावला.

"येते, आजी," त्या म्हणाल्या.

त्या गेल्यावर शालूबाई कितीतरी वेळ रडत बसल्या. मरणाचं दुःख नव्हतं त्यांना. मरायला त्या कधीच भ्याल्या नव्हत्या. यजमान किसनराव गेले तेव्हा गोकुळ सातवीत होता, आणि चौथ्या दिवशी त्यांनी मुलाला शाळेत धाडलं होतं. काय बाई आहे, दहावाही होऊ दिला नाही, म्हणून गावानं नावं ठेवली. त्याचा एकही दिवस बुडू नये म्हणून त्या लोकांच्या शेतात निंदायला गेल्या, जत्रेला म्हणून कधी गेल्या नाहीत, कुणाच्या लग्नाला राहिल्या नाहीत... आणि त्याच मुलानं शाळा बुडवण्यासाठी आईला मारलं. तेही तिला न विचारता!

संध्याकाळी गोकुळचा फोन आला. "आई, जेवली का? आमी समुद्र पाह्यला आज." मागून छकुलीचा रडवेला आवाज येत होता, "आजीच बोलून राह्यली का? खरंच आजीच हाय का?"

"जेवली रे बाबा. पोरीले पान्यात नको जाऊ देऊ," एवढंच शालूबाई म्हणाल्या. दोन दिवस राहिले होते सहलीचे, ते कशाला नासवा, असा त्यांनी विचार केला. मॅडम येऊन गेल्याचं त्यांनी सांगितलं नाही.

मंगळवारी सकाळी तिघं परत आले. छकुली धावत आत आली, पण एकदम गळ्यात पडली नाही. आधी तिनं आजीच्या तोंडावरून हात फिरवला, दंड दाबून पाहिला.

"आजी, तू जित्ती हायेस ना?"

"आता हाय तं समोर तुह्या."

"सगळे दिवस हेच चाललं होतं आई," सून वंदना थकून म्हणाली. "होडीत बसली नाही, धड जेवली नाही. कागदावर लिहिलं म्हनून तुमी खरंच जासान, असं भरलं तिच्या डोक्यात. सारखं आजीले फोन लावा, आजीले फोन लावा..."

म्हणजे लेकरू असं झुरत होतं तर! शालूबाईंनी तिला पोटाशी घट्ट धरलं आणि दारात उभ्या असलेल्या मुलाकडे पाहिलं.

"शनिवारी हिच्या मॅडम आल्या होत्या. माह्या मरनाले भेटाले."

गोकुळनं हातातली बॅग खाली ठेवली. "मंग? तू काय सांगितलं?"

"तुही मावशी हाय म्हनून सांगितलं. तुही माय झोपीत गेली म्हनलं. तुही इज्जत राखली बाबा."

"आई..."

"मले मारलं त्याचं काई नाही रे. मी आज ना उद्या जानारच हाय. पन मले इचारलं काऊन नाही? तूर कव्हा इकाची, थे तू इचारत नाही. केरळले जायाचं, थे नुसतं सांगतं. अन् माहं मरन लिहिलं, तरी मले इचाराचं नाही? या घरात मी कव्हाच मेली होती, कागद तं तू आता लिहिला..."

गोकुळनं आईच्या पायांवर डोकं टेकलं आणि तो चाळीस वर्षांचा गडी लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. आपण आईला कधी तोडून बोललो नाही, उपाशी ठेवलं नाही, एवढ्यावर तो स्वतःला चांगला मुलगा समजत आला होता; आणि आज त्याच्या लक्षात आलं की गेल्या कित्येक वर्षांत आपण तिला एकही प्रश्न विचारलेला नाही, जेवली का याखेरीज.

"चुकलो माय. उद्या शाळेत जातो, खरं सांगतो."

"पोरीचं नाव काढून टाकतीन थे लोकं," वंदना घाबरून म्हणाली.

"काढू दे. आई, तू येशीन माह्या संगं? तुह्या मनात असंल तंच ये."

शालूबाईंनी डोळे पुसले आणि मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी गोकुळला उभं करूनच ऐकवलं, आणि ते चुकीचं होतं असं कुणी म्हणणार नाही. छकुलीचं नाव राहिलं, पण स्नेहसंमेलनातल्या नाचातून तिला काढलं. गोकुळनं नवा अर्ज लिहायचा आणि पालकांच्या सभेत तो वाचून दाखवायचा, असं ठरलं. त्यानं तिथंच बसून अर्ज लिहिला आणि सरांच्या हाती देण्याआधी आईला वाचून दाखवला. माझी आई जिवंत आहे, मी सहलीसाठी खोटं लिहिलं, मुलीचा यात काही दोष नाही. मंजुश्री मॅडम बाजूलाच उभ्या होत्या. आपल्याला शनिवारीच सगळं कळलं होतं, हे त्या बोलल्या नाहीत.

नाच गेल्याचं छकुलीला काही वाटलं नाही. मधल्या सुटीत तिनं आजीचा हात धरून तिला सगळ्या व्हरांड्यातून फिरवलं आणि भेटेल त्या पोराला थांबवून सांगितलं, "हे माही आजी. जित्ती हाय." शालूबाईंना हसू आवरेना.

शाळेतून दोघं मायलेक मेहकरच्या स्टँडवर आले. जानेफळची गाडी लागायची होती. गोकुळनं आईला बाकावर बसवलं.

"आई, तुले कुठं जायाचं हाय का? फिराले. कुठंबी सांग."

तो खरंच विचारतो आहे आणि उत्तराची वाट पाहतो आहे, हे समजायला शालूबाईंना जरा वेळ लागला. किसनराव गेल्यापासून असं कुणी विचारलंच नव्हतं. गाड्या येत होत्या, जात होत्या, आणि त्या मनाशी शोधत राहिल्या. मग जराशा लाजून म्हणाल्या,

"मी अजून रेल्वेत बसली नाही रे. मलकापुरातून बसू, अन् शेगावले उतरू."

"चाल मंग, उद्याच जाऊ. छकुलीलेबी घेऊ, वंदनालेबी घेऊ. दुकान बंद ठेवतो."

"उद्या नाही," शालूबाई म्हणाल्या. "रविवारी जाऊ. पोरीची शाळा हाय."