गजाला नारळपाणी सोसलं नाही

इंजिन सुरू होतं. डिझेलची टाकी काठोकाठ भरलेली होती. तरीही गजा नावाचा तो अवाढव्य पोकलेन मातीची अर्धी बकेट उचलताना कण्हत होता, आणि ते बघून केतकीच्या अंगाचा तिळपापड होत होता.

रात्रीच्या पावसात डोंगराचा कडा ढासळून ओढ्यात पडला होता. अडलेलं पाणी वर चढत चढत केतकीच्या घराच्या पायरीला लागलं होतं. आईने कोंबड्यासुद्धा माळ्यावर चढवल्या होत्या. ढिगाऱ्यातून चर खणून पाण्याला वाट करून दिली तरच घर वाचणार होतं, आणि ते काम गजाशिवाय कुणाच्या बापाच्याने होणार नव्हतं.

"गजा, जोर लाव ना रे!"

"क्षमस्व," गजा गोड आवाजात म्हणाला. त्या काळात रस्त्याच्या कामावरची सगळीच यंत्रं बोलत असत. "निळ्या झाकणाच्या टाकीतलं द्रावण अयोग्य आहे. माझी ताकद पाव केली आहे. कृपया..."

"कृपया गेलं खड्ड्यात!"

"कालपास्नं ह्येच तुणतुणं लावलंय त्यानं," गजाचे चालक नामाकाका वैतागून म्हणाले. "म्हणून काल आवाजच बंद करून टाकला मी. आज चालू केला, तर पुन्हा त्येच."

इंजिनांवर संशोधन करणारी इंदूआत्या दसऱ्याला माहेरी आली होती. ती मात्र चष्मा पुसून इंजिनावरची पत्र्याची पाटी वाचत बसली होती. इथे घर बुडतंय आणि हिला वाचन सुचतंय! केतकीने कपाळावर हात मारला.

"६टी, ६.७, टप्पा ५," आत्याने वाचलं. "म्हणजे सहा सिलिंडर (डिझेल जळतं ती नळकांडी). टी म्हणजे टर्बो (हवा दाबून आत कोंबणारा पंखा). सगळ्या नळकांड्यांचं माप मिळून सहा पूर्णांक सात लिटर."

"आणि टप्पा पाच?" केतकीने विचारलं.

"मोठा आकडा, मोठी ताकद. आनि काय!" नामाकाका म्हणाले.

"ताकदीचा काही संबंध नाही, नामादादा. ते उत्सर्जन मानक आहे (धुरात किती घाण चालेल, याची सरकारने घातलेली मर्यादा). आकडा वाढतो तशी मर्यादा कडक होते. टप्पा पाचच्या इंजिनात काजळी जाळीत अडकते. पण इंजिनाच्या उष्णतेत हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनशी जुळतो आणि विषारी वायू बनतो. तो जाळीतून सरळ निसटतो. म्हणून धुरावर युरियाचं द्रावण फवारतात. उष्णतेने त्याचा अमोनिया होतो, आणि अमोनियामुळे त्या विषारी वायूचा पुन्हा साधा नायट्रोजन आणि पाण्याची वाफ होते. निळं झाकण त्या द्रावणाचं."

"ते बिघडलं तर गजाने नुसतं सांगावं ना! ताकद कशाला काढून घ्यायची?" केतकी चिडून म्हणाली.

"सांगितलं होतं की. काय केलं तुम्ही? आवाज बंद," आत्या म्हणाली.

नामाकाकांनी मान खाली घातली. त्यांनी मुंडासं काढलं, पुन्हा बांधलं, आणि मग हळूच म्हणाले, "काल खंडेनवमी. हत्याराची पूजा केली. नारळ फोडला. समद्यांनी तीर्थ घेतलं, मग गजालाच कोरडं कसं ठेवायचं? निळं झाकण उघडून त्याच्याही मुखात वतलं."

"नारळपाणी?" आत्या किंचाळली. "टाकीत?"

"द्रावण पातळ झालं, हे माझ्या संवेदकाला (बदल ओळखणाऱ्या भागाला) लगेच कळलं," गजा नम्रपणे म्हणाला. "प्रसादाबद्दल आभार."

केतकीला रडावं की ओरडावं ते कळेना. पाणी दुसऱ्या पायरीवर आलं होतं. "बाबांच्या खोपटात युरियाचं पोतं आहे. आणू? पाण्यात कालवू?"

"नको गं बाई! शेतातल्या युरियाला कडुलिंबाचं तेल चोपडलेलं असतं आणि ओढ्याच्या पाण्यात क्षार असतात. उरलंसुरलंही चोंदेल. याला शुद्ध द्रावणच लागतं. ते तालुक्याला मिळेल, पण रस्त्यावर दरड आहे."

केतकीने रागारागाने एक दगड लाथाडला. तो घरंगळत जाऊन पलीकडे उभ्या असलेल्या, रस्ता दाबायच्या रोलरच्या चाकावर आपटला. रोलरला काल नुसतं कुंकू लागलं होतं. त्याच्या वाटणीला नारळच उरला नव्हता!

ती धावत गेली. चिखल पुसून तिने पाटी वाचली. "४टी, ३.८... आत्या! टप्पा पाच! म्हणजे निळी टाकी यालाही असणार!"

"शाब्बास!" आत्या धावली. गजाच्या टाकीखालचं बूच काढून नारळपाण्याचं द्रावण डब्यात काढलं. रोलरच्या थोड्या द्रावणाने टाकी विसळली आणि उरलेलं नळीने गजात भरलं. गजा बराच वेळ घुमला. केतकी नखं खात उभी राहिली.

"द्रावण योग्य. पूर्ण ताकद मान्य."

मग काय विचारता! बकेटमागून बकेट भरभरून निघाली. दिवस कलायच्या आत चर फुटला आणि ओढा धो धो करत खाली पळाला. पायऱ्यांवर चिखलाची रेघ ठेवून पाणी उतरलं. माळ्यावरून आईची हाक आली आणि केतकीचे डोळे भरून आले.

तिने वळून पाहिलं, तर नामाकाका हातात नवा नारळ घेऊन गजाच्या अंगावर चढत होते!

"काका!" निळ्या झाकणासमोर हात पसरून ती आडवी उभी राहिली. "दगडावर फोडा. पाणी तुम्ही प्या. गजाचा उपास आहे."

"मान्य," गजा म्हणाला.

आत्या हसत सुटली. "तू मोठी होशील तोवर कदाचित धूर न सोडणारी इंजिनं निघतील, केतकी. मग द्रावणच लागणार नाही."

"ती मीच बनवीन," केतकी झाकणावरून हात न काढता म्हणाली. "आणि काकांना उघडता येईल असं एकही झाकण त्या इंजिनांना ठेवणार नाही."