दाक्षायणीची पकड

पकड मोजायच्या यंत्राचा काटा रोज सकाळी शून्यावर असायचा आणि दाक्षायणीनं दाबल्यावरही तिथंच राहायचा. भवानी पेठेतल्या त्या दोन खोल्यांत चहाच्या आधी हा कार्यक्रम चालायचा. तिनं कोपर कुशीला टेकवून मूठ आवळायची, नवऱ्यानं, चन्नवीरनं, यंत्राला खालून आधार द्यायचा. देवाकडंही कधी बघितलं नसेल अशा आशेनं तो त्या काट्याकडं बघायचा.

तापाचं निमित्त झालं आणि रोगाशी लढणारी तिच्याच अंगातली शक्ती तिच्या नसांवर उलटली. हात लुळे पडले. सलाइनमधून औषध चालू होतं. पण पुढच्या तपासणीत पकड वाढलेली दिसली नाही तर ते बंद, असं डॉक्टरांनी या वेळी स्पष्ट सांगितलं होतं. त्यानंतर काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि चन्नवीरला विचारायचा धीर झाला नाही.

तपासणी जवळ आली तशी त्याची झोप उडाली. शेवटी तो आईच्या समाधीवर गेला. अक्कम्माला जाऊन वर्ष होत आलं होतं. बाईच्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट कापड विणायच्या मागात सापडून तुटलेलं, तरी तिनं मनगट धरलं तर गडीमाणूस कळवळायचा. भाकरी थापावी तर तिनंच. चन्नवीरनं समाधीवर विभूती वाहिली आणि त्यातलीच मूठभर पुडीत बांधून घेतली.

"अव्वा, हिच्या हातात तुजं बळ घाल की," तो म्हणाला आणि तिथंच बसून रडला.

दुसऱ्या दिवशी मोजायच्या आधी त्यानं ती विभूती तिच्या उजव्या तळहाताला चोळली. यंत्र हातात दिलं. काटा हलला.

"दाक्षा, अजून दाब."

"मी अजून दाबलंच न्हाय," ती म्हणाली.

मग रोज विभूती आणि रोज काटा थोडा पुढं. चन्नवीर आनंदानं वेडा व्हायचा बाकी होता. तिचा उजवा हात मात्र भर उन्हाळ्यात माठासारखा गार लागायचा. ते त्यानं मनावर घेतलं नाही.

तपासणीच्या दिवशी दवाखान्यात व्यायाम करून घेणाऱ्या प्रियदर्शनी मॅडमनी पकड मोजली. काटा बघून त्या हसल्या. मग वाकून बोटांकडं बघायला लागल्या.

"ताई, करंगळीशेजारचं बोट का उचलून धरता? तेही लावा की."

दाक्षायणीनं हाताकडं बघितलं. "तितं बोट हाय असं वाटतच न्हाय."

"बधिर आहे का? मुंग्या येतात?"

"न्हाय. बोट नसल्यागत वाटतंय."

चन्नवीरनं खिशातली विभूतीची पुडी मुठीत दाबून धरली. डॉक्टरांनी औषध चालू ठेवलं.

घरी आल्यावर ती दारातच थांबली. "अवो, ती विभूती पुरे आता. हात माजं ऐकत न्हाय."

"बरी होतीयस ग," तो गयावया करत म्हणाला. "आता कसं थांबायचं?"

संध्याकाळी तो कामावरून परतला तेव्हा आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. कित्येक महिन्यांनी.

दाक्षायणी परातीपुढं बसली होती. उजवा हात सफाईनं थापत होता. तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं होतं आणि ती रडत होती.

भाकरी ताटात आली. वर बोटांचे ठसे उठले होते. करंगळीशेजारची जागा सपाट होती.

चन्नवीरनं भाकरी उलटी केली, मोडली आणि घास घेतला. चव आईच्या हातची होती.

"उद्या सकाळी परत मोजू," तो म्हणाला.

परातीत हात दुसरी भाकरी थापायला लागला होता.