दतिया गेटच्या गल्लीतलं फुलपात्र

ही गोष्ट माझ्या स्वतःच्या घरात घडली आहे. कुणाच्या मावसभावाची नाही, मित्राच्या मित्राची नाही. माझ्या मुलीची. तुम्ही विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, मला आता त्याने फरक पडत नाही. पण ज्यांची मुलं लहान आहेत आणि जे नोकरीपायी परक्या गावात राहतात, त्यांनी एकदा शेवटपर्यंत वाचावं.

तारीख २२ मार्च २०२५. शनिवार. गाव झाशी. वेळ संध्याकाळचे सव्वासहा.

रात्र नव्हती, हे आधीच सांगते. चांगला उजेड होता.

माझा नवरा सुमेध रेल्वेत आहे. या घटनेच्या दोन वर्षं आधी त्याची बदली झाली आणि आम्ही साताऱ्याहून झाशीच्या नगरा भागात राहायला आलो. आमची मुलगी अनुया त्या मार्चमध्ये चार वर्षांची होती. शेजारपाजारच्या मुलांत खेळून तिची जीभ पार हिंदी झाली होती. मी मराठीत विचारायचं, तिने हिंदीत उत्तर द्यायचं.

सुमेधबरोबर काम करणारे नफीस भाई खूप दिवस मागे लागले होते. "भाभीजी, रमज़ान में दतिया गेट नहीं देखा तो झाँसी में क्या देखा?" शेवटी त्या शनिवारी आम्ही निघालो. एका छोट्या हॉटेलात ते आमच्यासाठी जागा धरून बसणार होते. आधी थोडं पायी फिरायचं, मग त्यांच्याबरोबर खायचं.

रिक्षा गेटपाशीच सोडली. पुढे पाय ठेवायला जागा नव्हती. पपईच्या फोडी, भज्यांचे घाणे, खजुराच्या राशी, शेवयांचे डोंगर. मी अनुयाचं मनगट घट्ट धरलं होतं.

"अगं, पोरीला दोरी बांध म्हणजे झालं," सुमेध हसला.

"हरवली की तूच आधी रडशील," मी म्हटलं.

मी अशीच आहे. गर्दीत सारखं मागे बघते. मुलीच्या फ्रॉकचा रंग, चपलांचा रंग मनात घोकते. त्या दिवशी पिवळा फ्रॉक, लाल चपला. आणि एवढी सावध असूनही पाण्याची बाटली मात्र रिक्षात राहिली.

"मम्मा, पानी," अनुया म्हणाली.

"हॉटेलात पिऊ हं बाळा. आलंच."

मोबाईलवर सुमेधला एक जवळचा रस्ता दिसला. बाजारातून आत वळणारी गल्ली. आम्ही वळलो. दोन्ही बाजूंना दुकानं, वर बाल्कन्यांत वाळत घातलेले कपडे. लोक झपझप घराकडे चालले होते. कुणाच्या हातात बर्फ, कुणाच्या हातात झाकलेलं ताट.

आणि सायरन वाजला.

मागोमाग अज़ान.

रोजा सुटला...

ज्यांनी तो क्षण पाहिला नसेल त्यांना सांगून कळणार नाही. दोन मिनिटांत गल्ली रिकामी झाली. शटर उघडी, पण गल्ल्यावर कुणी नाही. सायकली उभ्या, पण माणूस नाही. सगळे आत, ताटासमोर. कुठेतरी चमचा वाजला. कुणीतरी खाकरलं. मग तेही थांबलं.

"थांब, पुढचं वळण बघून येतो," म्हणत सुमेध कोपऱ्याआड गेला.

अनुया आता रडायला लागली होती. "पानी... मम्मा, पानी..."

शेजारच्या दाराआड लोक असणार, हे मला कळत होतं. पण दिवसभर पाण्याचा थेंब न घेतलेल्या माणसाने पहिला घोट घेतला असेल, आणि मी दारात उभं राहून पाणी मागायचं? मला कसंसंच वाटलं. मी तिला उचलून घेतलं आणि थोपटत राहिले.

तेव्हा डाव्या हाताच्या दारातून आवाज आला...

"पाजा हो पाणी त्या लेकराला. केव्हाचं कंठशोष करतंय."

मराठीत.

तुम्ही महाराष्ट्रात राहत असाल तर तुम्हाला हे समजणार नाही. महिनोन्‌महिने बाजारात, दवाखान्यात, जिन्यात फक्त हिंदी ऐकल्यावर अचानक कानावर आपली भाषा पडली की माणूस विरघळतो. मीही विरघळले. ही कोण, इथे कशी, काही विचारलं नाही.

निळं लाकडी दार होतं. अर्धं उघडं. आत एक बाई उभी होती. पन्नाशीची असेल. नऊवारी नेसलेली, डोक्यावरून पदर. चेहरा नीट दिसत नव्हता, कारण तिन्हीसांज होऊनही आत दिवा लावलेला नव्हता. तिने हात पुढे केला. हातात पितळेचं फुलपात्र, पाण्याने भरलेलं. दुसऱ्या तळहातावर गुळाचा खडा.

गूळ-पाणी! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

अनुयाने गूळ तोंडात टाकला. मी फुलपात्र घेऊन तिच्या तोंडाला लावलं आणि ती घटाघटा पाणी प्यायली.

"कुठल्या म्हणायच्या तुम्ही?"

"साताऱ्याकडची. मिस्टर रेल्वेत आहेत."

"आणि हिचं नाव?"

"अनुया."

"अनुया..." तिने सावकाश म्हटलं. पाठ करतात तसं.

मग मी ती चूक केली.

माझ्या सासूबाईंची शिकवण आहे, कुणाचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही. काही नसेल तर चिमूटभर साखर तरी घालायची. मी पर्स चाचपली. रुमालात गुंडाळलेलं एक बिस्किट निघालं. अनुयाने रिक्षात अर्धं खाऊन मला दिलेलं. ते मी फुलपात्रात ठेवलं.

"उष्टं आहे हो तिचं, रागवू नका. दुसरं काही नाहीये जवळ."

बाईने फुलपात्र घेतलं. छातीशी धरलं.

"उष्टंच चालतं," ती म्हणाली. "आता ती आमच्या पंगतीतली झाली."

मी हसले. खरंच सांगते, मी हसले.

"कुणाशी बोलतेयस?" मागून सुमेधचा आवाज आला.

मी त्याच्याकडे वळले. "अरे, इथे आपल्यातल्या एक बाई..." म्हणत पुन्हा दाराकडे पाहिलं.

दार सताड उघडं होतं.

आत ट्यूबलाइटचा लख्ख उजेड. ते गाद्या-रजयांचं दुकान होतं. उंबऱ्यापासून हातभर अंतरावर सतरंजी अंथरून चार माणसं इफ्तार करत बसली होती. चौघं माझ्याकडे बघत होती.

त्यातले एक म्हातारे चाचा उठले. हातात शरबताचा पेला. "बिटिया, बच्ची को पिला दो. हम तो कब से उठने को थे, पर..."

"पर क्या, चाचा?"

ते घुटमळले. "हमें लगा आप फ़ोन पर हैं. अकेली बोल रही थीं. और बच्ची तो पी रही थी."

"क्या पी रही थी?"

त्यांनी सुमेधकडे पाहिलं. मग माझ्या हाताकडे.

"आपके हाथ से पी रही थी. ख़ाली हाथ से."

मी खाली वाकून पाहिलं. बिस्किट कुठेच पडलेलं नव्हतं. चुरासुद्धा नाही. रुमाल माझ्या हातात होता, रिकामा.

मी अनुयाच्या तोंडाजवळ नाक नेलं.

गुळाचा वास येत होता...

हॉटेलात नफीस भाईंनी टेबल भरून मागवलं होतं. अनुयाने कशालाच हात लावला नाही. "छोटी मैडम नाराज़ हैं हमसे?" त्यांनी विचारलं. तिने मान हलवली आणि माझ्याकडे बघून स्पष्ट म्हणाली, "माझं जेवण झालंय."

मराठीत.

दुसऱ्या दिवशी तिने सकाळचं दूध घेतलं नाही. दुपारी वरणभात नको. चॉकलेट नको. मी दटावलं, लाडीगोडी लावली, शेवटी एक चापटही मारली. ओठ घट्ट मिटलेले. पाण्याचा घोटही नाही.

संध्याकाळी साधारण साडेसहाला मी स्वयंपाकघरात होते. एकाएकी जाणवलं, कसलाच आवाज येत नाहीये. नगऱ्यात दिवसरात्र गाड्यांचे भोंगे ऐकू येतात. ते नव्हते. पंखा फिरत होता, पण त्याची कुरकुर नव्हती. मी धावत बाहेर आले.

अनुया दारात मांडी घालून बसली होती. तोंड वर केलेलं. गाल हलत होते. ती चावत होती. गिळत होती. मग थोडं थांबून पुन्हा तोंड उघडायची...

घास घ्यायला उघडतात तसं.

दहा मिनिटांनी लांबून गाडीचा भोंगा आला. अनुया उठली आणि फ्रॉकला हात पुसले.

हे रोज होऊ लागलं. दिवसभर काही नाही. साडेसहाला ती शांतता. मग ते जेवण. सुमेध आधी चिडला. "तू घाबरतेस म्हणून ती नाटकं करते," म्हणाला. तिसऱ्या दिवशी तो लवकर घरी आला आणि माझ्या शेजारी उभं राहून त्याने ते पाहिलं. त्या रात्रीपासून तो मुलीला दोघांच्या मध्ये घेऊन झोपू लागला.

आणि तिची भाषा... "फडताळात ठेवलंय," "न्हाणीत पाय धुऊन येते," असं बोलायला लागली. हे शब्द मी कधी वापरले नाहीत. साताऱ्याहून सासूबाईंचा फोन आला, तर त्या खुशीत. "दोन वर्षांनी नात माझ्याशी मराठीत बोलली गं बाई! जमलं म्हणायचं एकदाचं तुला."

मी फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन रडले.

आठव्या दिवशी तिला डॉक्टरांकडे नेलं. सांगितलं, आठ दिवस पोटात अन्न नाही. त्यांनी तपासलं, वजन केलं, जुना कागद काढला आणि हसले.

"आप भी न, बेकार परेशान होती हैं. वज़न तो बढ़ा है. छह सौ ग्राम."

मी काट्याकडे बघत राहिले. माझी मुलगी उपाशी नव्हती. तिला कुणीतरी नीट, पोटभर, मायेनं भरवत होतं.

ते कुणीतरी मी नव्हते.

झाशीत काही मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांतल्या कमलाकर काकांकडे मी त्याच संध्याकाळी गेले. निवृत्त कारकून, वय ऐंशीच्या पुढे. मराठी बोलता बोलता मध्येच हिंदीत शिरणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"पाणी प्यायली, त्याचं काही नाही, बेटा. पाणी कुणीही कुणालाही देतं. तुम्ही परत दिलंत ना, ते द्यायचं नव्हतं. तेही पोरीचं उष्टं."

"पण ती आहे कोण?"

"पता नहीं. आमच्या घरी एवढंच सांगायचे, रोजा सुटायच्या वेळी त्या गल्लीत मराठीत हाक आली तर ओ द्यायची नाही. का, ते माझ्या वडलांनाही ठाऊक नव्हतं." मग त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "भरवते म्हणालात. मग अजून नेलेली नाही. आई आहात ना? हक्क सांगा."

दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. मी गुढी उभारली, श्रीखंड केलं. अनुयाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. संध्याकाळी सहालाच मी मऊ भात कालवला, त्यावर तूप घातलं आणि दारात बसले. अनुयाला मांडीवर घेतलं. माझी पाठ दाराकडे, तिचं तोंड माझ्याकडे. सुमेध समोर भिंतीला टेकून उभा.

सहा वाजून तीस मिनिटं. बाहेर ईदच्या चंद्रासाठी पोरांचा दंगा चालला होता. फटाके फुटत होते.

आणि आवाज गेला. सगळा.

मी घास तिच्या ओठांना लावला. ओठ मिटलेलेच; भात माझ्याच साडीवर सांडला.

"अनु, मी आई आहे ना तुझी? खा. एकच घास खा."

ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या खांद्यावरून मागे बघत होती. मला मानेपाशी गार लागलं... गुळाचा वास आला... अगदी जवळून.

मी वळले नाही. घासही मागे घेतला नाही.

अनुयाने माझ्याकडे बोट केलं आणि माझ्या मागे कुणाला तरी विचारलं,

"हिच्या हातचं खाऊ का?"

हिच्या...

किती वेळ गेला सांगता येत नाही. सुमेध म्हणतो, अर्धं मिनिट. मला आठवतंय ते एवढंच, की अनुया लक्ष देऊन ऐकत होती. मग तिने मान डोलावली आणि तोंड उघडलं.

तिने भात खाल्ला. पूर्ण वाटी. "मम्मा, और दो," म्हणाली, हिंदीत. मी तिला छातीशी धरून ओक्साबोक्शी रडले. बाहेर फटाके वाजत होते आणि मला ते ऐकू येत होते.

आज या गोष्टीला वर्ष होत आलं. सुमेधने बदली मागून घेतली, आम्ही आता झाशीत नाही. अनुया शाळेत जाते, हट्ट करते, नीट जेवते. डॉक्टर म्हणतात, छान वाढ आहे.

फक्त एक आहे. रोज जेवायला बसल्यावर, पहिल्या घासाआधी ती थांबते. माझ्या खांद्यावरून मागे बघते. एक क्षण, दोन क्षण. मग तोंड उघडते.

मी हातात घास धरून बसून राहते. वळून बघण्याची हिंमत मला अजून झालेली नाही.

काल ती नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबली होती.