चीक एकाच डोळ्यात

“संध्याकाळच्या आत घर सोड म्हणतात! मी म्हणे सासऱ्यांच्या डोळ्यात विष घातलं!”

दारात उभ्या असलेल्या बाईचा आवाज रागाने फाटला होता. खाजगी तपासाची कामं घेणाऱ्या वहिनींनी तिला बसवलं, पाणी दिलं. वहिनींचे धाकटे दीर, निवृत्त ड्रॉइंग मास्तर, तोवर चपला घालून तयारही झाले होते.

“भाऊजी, कुठे निघालात?”

“त्यांना फैलावर घ्यायला!”

“कोणाला ते तरी आधी कळू द्या.”

बाई घड्याळजींची धाकटी सून. नवरा गेल्यावर सासऱ्यांच्या हाताखाली घड्याळं दुरुस्त करायला शिकली. आपल्या टेबलावर यापुढे तीच बसेल, असं सासऱ्यांनी परवाच सगळ्यांसमोर सांगितलं होतं. काल सकाळी कामाला बसताच त्यांचा उजवा डोळा पेटला. दुकानाच्या खिडकीत हिचा तीनधारी निवडुंग. त्याची एक फांदी मोडलेली सापडली, आणि थोरल्या दिराने अख्ख्या गल्लीसमोर हिला विषारी म्हटलं.

“निवडुंगाने डोळा जातो?” मास्तरांनी विचारलं.

“काट्यांनी नाही, चिकाने. लोक त्याला कॅक्टस म्हणतात, पण तो कॅक्टस नव्हे. जरा खरचटलं की दुधासारखा चीक गळतो. मी रबरी हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय हात लावत नाही. फांदी कधी मोडत नाही, कापते. कापल्या जागी गार पाण्याचा फडका धरला की चीक थांबतो. मग फांदी चांगली सुकू द्यायची आणि कोरड्या मातीत लावायची. हात साबणानेच धुवायचे, नुसत्या पाण्याने चीक निघत नाही.”

“डोळा वाचेल?”

“डॉक्टर वाचेल म्हणतात. माझं नाव कोण वाचवणार?”

दुकानात उकडत होतं. खिडकीतल्या निवडुंगाची फांदी वेडीवाकडी पिळून तोडलेली होती. कुंडीवर चिकाचे वाळके ओघळ होते.

थोरला बोटांवरच्या रबरी टोप्या काढत पुढे आला. तेलकट बोट घड्याळाला लागू नये म्हणून हे कारागीर त्या घालतात. त्याची उजवी बाही कोपरापर्यंत दुमडलेली होती, डावी मनगटाशी बटण लावून बंद.

“यात तपासण्यासारखं काय आहे? कुंडी हिची, चीक हिचा. बाबांचा हात लागला, त्यांनी डोळे चोळले. असलं झाड घरात आणणारीच जबाबदार!” त्याने उजवं मनगट उचलून घड्याळ पाहिलं. “लवकर आटपा.”

“हात लागला की हिने मुद्दाम लावला? एक काय ते ठरवा,” मास्तर गुरगुरले.

“भाऊजी,” वहिनी म्हणाल्या, “जरा थंड घ्या.”

दुकानातला जुना कारागीर अर्ध्या बाह्यांचा सदरा घालून काम करत होता. हात कोपरापासून बोटांपर्यंत स्वच्छ.

“तुम्हाला नाही वाटलं, हे टेबल आपल्याला मिळावं?” वहिनींनी विचारलं.

“वाटलं की. पण तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, बाई. खोटं कशाला बोलू?”

“काल काय पाहिलंत?”

“मालक ओरडत मोरीकडे धावले. बघतो तर साबण लावून भिंग धुतायत! मीच ओढून डोळ्यावर पाणी मारलं.”

“काय ही धंद्यावरची निष्ठा!” मास्तरांना भरून आलं.

वहिनी आतल्या खोलीकडे वळल्या.

घड्याळजी आतल्या खोलीत खाटेवर बसले होते. उजव्या डोळ्यावर पट्टी. पट्टीच्या कडेने लाल रेघ दिसत होती, बांगडीसारखी गोल. तळहात, बोटं मात्र नितळ.

“काका, झाडाला हात लावला होतात?”

“आठवत नाही.”

“सुनेने काही केलं असेल?”

म्हाताऱ्याने तोंड फिरवलं. “मला काही विचारू नका.”

वहिनींनी सगळ्यांना त्याच खोलीत बोलावलं.

“चिकाचे हात डोळ्याला लागले असते तर हातांचीही आग झाली असती. आणि माणूस डोळे चोळतो तेव्हा एकच चोळून थांबतो का? काकांचा फक्त उजवा डोळा भाजला, तोही गोल कडेने. घड्याळजी डोळ्याच्या खोबणीत काय बसवतो?”

“भिंग!” मास्तर ओरडले.

“भिंगाच्या कडेला चीक फासला होता. झाड जाणणारी बाई फांदी कापते, फडका धरते. ही फांदी पिळून मोडली आहे. मोडणाऱ्याने हातमोजे घातलेच नाहीत. त्याला वाटलं, बोटांवर टोप्या आहेत, झालं! पण चीक टोपीपाशी थांबत नाही, मनगटावर ओघळतो, घड्याळाच्या पट्ट्याखाली शिरतो. दादासाहेब, या उकाड्यात एकच बाही बंद का? आणि घड्याळ उजव्या हातात?”

थोरला दाराकडे वळला. दारात मास्तर उभे होते.

“दाखव!”

बटण तुटलं. डाव्या मनगटावर पट्ट्याच्या रुंदीचे फोड उठले होते.

“बाईमाणूस आमच्या टेबलावर?” थोरला किंचाळला. “नुसता डोळा सुजणार होता! हिच्यावर खापर फुटलं की बाबांचं डोकं ताळ्यावर आलं असतं!”

मास्तरांचा हात उठला. वहिनींनी तो धरला. पण त्यांची नजर थोरल्यावर नव्हती.

“काका, डोळा जळत असताना माणूस आधी डोळा धुतो. तुम्ही भिंग धुतलंत. म्हणजे आग कुठून आली हे तुम्हाला त्याच क्षणी कळलं होतं. कोणी लावली, तेही. म्हणून तर पुरावा धुऊन टाकलात.”

मास्तर ओशाळले. याच माणसाचं त्यांनी कौतुक केलं होतं!

“थोरला आहे तो,” म्हातारा पुटपुटला. “पोटचा आहे.”

“देवाने दोन डोळे दिले ते पोटच्याला एका नजरेने आणि परक्याच्या लेकीला दुसऱ्या नजरेने बघायला दिले का हो?” वहिनींनी विचारलं.

धाकटी सासऱ्यांसमोर येऊन उभी राहिली. रडली नाही.

“रात्रभर मी तुमच्या डोळ्यात औषध घालत होते, बाबा. तुमचे थोरले बाहेर मला शिव्या देत होते. तुम्ही ऐकत होतात.”

“चुकलो, पोरी. टेबल तुझंच...”

“टेबल मी मागितलं नव्हतं. तुम्ही खरं बोलावं, एवढंच हवं होतं. ते या खोलीत बोलून भागणार नाही.”

म्हातारा उठला. थोरल्याने पुढे केलेला हात त्याने झटकला. भिंतीला चाचपडत तो दुकानाच्या पायरीवर गेला. समोरचा शिंपी मान वर करून बघू लागला, शेजारचा पेपरवालाही.

“ऐका रे सगळे!” म्हातारा खणखणीत आवाजात ओरडला. “काल माझ्या मुलाने माझा डोळा जाळला. आणि मी माझ्या सुनेला.”