उसने डोळे

राहात्याच्या छगन निर्मळनं स्टुडिओसाठी नवी लेन्स घेतली, तेव्हा पहिला फोटो बायकोचाच काढला. ही त्याची जुनी रीत. लेन्स चोवीस-सत्तरची, म्हणजे बारशापासून लग्नापर्यंत सगळीकडे चालणारी. हातात वजनदार, आणि झूमची रिंग ना सैल ना घट्ट. समोर माणूस आला की कॅमेऱ्याच्या पडद्यावर हिरवा चौकोन थेट त्याच्या डोळ्यावर जाऊन बसायचा. स्टुडिओच्याच एका कोपऱ्यात विजयमालाचं पिको-फॉलचं मशीन होतं. तिनं मान वर केली, हसली, आणि पापणीचा केस न् केस मोजता येईल असा फोटो आला. छगन हरखून गेला.

त्याच दुपारी पुणतांब्याहून आप्पासाहेब धनवट्यांचा फोन आला. त्यांची आई, साळूबाई, सकाळी गेली होती, आणि हार घालायला घरात तिचा एक फोटो नव्हता. कुणी मोबाईल वर केला की म्हातारी पदर तोंडावर ओढून घ्यायची. आधार कार्डावरचा फोटो असा उठला होता, की ती साळूबाई आहे की पाण्याचा हंडा, हे सरकारलाच ठाऊक. तेव्हा आहे तसा फोटो काढायचा आणि कॉम्प्युटरवर डोळे उघडून द्यायचे. असं काम कोणत्याही स्टुडिओवाल्याला नवं नसतं. छगननं आजवर पाच-सात मयतांचे डोळे उघडले होते.

पडवीत साळूबाईला भिंतीला टेकवून बसवलं होतं, कपाळी काळा बुक्का लावला होता. छगननं झूम सत्तरवर नेला. लेन्स आतल्या आत मागं-पुढं होत राहिली, पण चौकोन काही उमटेना. मिटल्या डोळ्यांवर तो बसणार तरी कसा? शेवटी छगननं हातानं रिंग फिरवून फोकस जुळवला आणि काम उरकलं.

एरवी तो मयताच्या लेकीचा नाहीतर बहिणीचा फोटो मागून घ्यायचा. लावायचे डोळे त्याच रक्तातले हवेत, असं त्याला धंदा शिकवणाऱ्या वस्तादानं बजावलं होतं. पण घाई छगनच्या पाचवीला पुजलेली. कॉम्प्युटरवर विजयमालाचा सकाळचा फोटो उघडाच होता. त्यानं तिचेच डोळे उचलले, थोडे थकवले, भोवती सुरकुत्या ओढल्या आणि साळूबाईला लावले. कोण विचारतंय? धनवट्यांच्या घरी फोटो बघून बाया रडल्या, म्हातारी बोलेल असं वाटतं म्हणाल्या.

आठवड्यानं विजयमाला भाचीच्या साखरपुड्याला निघाली, म्हणून छगननं कॅमेरा उचलला. हिरवा चौकोन तिच्या कानातल्या कुड्यावर बसला. मग मागच्या भिंतीवर. मग पडद्यावर भिरभिरत राहिला आणि विझला. त्यानं हातानं रिंग फिरवून पाहिली. नथीचे मोती आले, भुवईचा केस न् केस आला. डोळ्यांच्या जागी मात्र धुकं. त्यानं टेबलावर वर्तमानपत्र तिरकं ठेवून लेन्स तपासली, तर ज्या ओळीवर नेम धरला तीच ओळ लख्ख. शेजारचा चहावाला उभा केला, तर त्याच्या डोळ्यावर चौकोन टिच्चून बसला.

नगरच्या दुरुस्तीवाल्यानं दोन दिवस लेन्स ठेवून घेतली आणि परत देताना म्हणाला, की लेन्समध्ये काही खोट नाही, एकदा वहिनींचेच डोळे दाखवून घ्या. छगन हसला खरा, पण घरी आला तेव्हा विजयमाला सुईत दोरा ओवायला चाचपडत होती. डॉक्टरांनी तपासलं. नंबर होता तोच होता.

"एक सांगू का?" ती त्या दिवशी हळूच म्हणाली. "मशीनवर बसलं की मधीच उंचावरनं एक पडवी दिसती. खाली लोखंडी कॉट. पलीकडं निळं दार... आन् डोळ्यापुढं सारखं काहीतरी पिवळं लोंबतं."

छगननं ती पडवी ओळखली. त्या लोखंडी कॉटवर त्यानं कॅमेऱ्याची बॅग ठेवली होती. पिवळा होता तो झेंडूचा हार. विजयमाला पुणतांब्याला जन्मात गेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो मोटारसायकल काढून धनवट्यांकडे गेला. निळ्या दारासमोरच्या भिंतीवर साळूबाई होती, आणि फोटोतून त्याची बायको त्याच्याकडे बघत होती. इतकं ओळखीचं बघणं, की त्याला मान खाली घालावी लागली. त्यानं आप्पासाहेबांना आडून सुचवलं, की मिटल्या डोळ्यांचा फोटो शांत दिसतो, तोच लावू.

"न्हाई, छगनराव," आप्पासाहेब म्हणाले. "आमी सगळी रानात गेलो की घर मोकळं पडतं. आई बघती हाय, एवढाच आधार हाय. मिटल्या डोळ्याची आई भिंतीवर नको."

त्या माणसाला काय सांगणार? फोटो आणखी चांगला करून देतो म्हणत छगननं फ्रेम बरोबर घेतली. साळूबाईची लेक होती, बहीण होती. पण आता कुणाचे डोळे मागायचे, आणि कोणत्या तोंडानं? चूक त्याची होती. त्यानं कॅमेरा तिपाईवर लावला, टायमर टाकला आणि स्वतः स्टुलावर बसला. हिरवा चौकोन क्षणात त्याच्या डाव्या डोळ्यावर आला. कॅमेरा टिक टिक करत होता तेवढा वेळ छगन स्टुलावरून उठला नाही. आपलेच डोळे त्यानं साळूबाईला लावले आणि फ्रेम पुणतांब्याला पोचती केली.

परत आल्यावर त्यानं विजयमालासमोर कॅमेरा धरला. चौकोन आला आणि तिच्या डोळ्यावर बसला. तिनं पहिल्याच खेपेला सुई ओवून दाखवली. छगनला रडूच आलं.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी तो स्टुडिओत लेन्सची काच पुसत बसला होता. रस्त्यावरून टेम्पो जात होते. विजयमालाचं मशीन चालू होतं. आणि एकदम काच, टेबल, रस्ता सगळं गेलं. खाली पडवी होती, कॉट होती. घरात कुणी नव्हतं.

निळं दार हळूच उघडलं. साळूबाई आत आली. डोळे मिटलेले. डाव्या हातानं भिंत चाचपत, खिळ्यांवरून, देवळीवरून बोटं फिरवत, ती एकेक पाऊल टाकत होती. घाई नव्हती तिला. ती बरोबर त्याच्या खाली येऊन थांबली, तोंड वर केलं आणि दोन्ही हात उचलले...

टेम्पोचा हॉर्न वाजला. समोर टेबल होतं. लेन्स मांडीवर पडली होती.

विजयमालानं मशीन थांबवलं होतं. ती त्याच्याकडेच बघत होती.

"आली का ती?" तिनं विचारलं.

छगननं होकाराची मान हलवली.

"माझ्या वेळी दारातच उभी राहायची," ती म्हणाली. "पाऊल आत टाकत न्हवती... मला वाटलं, परक्याच्या नजरंसमोर यावं का न यावं, असं तिला वाटत असंल. तुमाला भ्या वाटंल म्हनून बोलले न्हाई."

ती उठली, जवळ आली आणि पदराच्या टोकानं तिनं त्याच्या दोन्ही पापण्या पुसल्या. मग पदर उजेडात धरून ती बराच वेळ बघत राहिली. प्रेताच्या कपाळी लावतात, तो काळा बुक्का पदराला लागला होता.